सांबराची मान

बाबा, भेकराचं कातडं दहा दिवस मिठात होतं आणि ते पातळ करायची मला बंदी होती. ही बंदी तुमच्यामुळे आली असं कॉलेजात सगळे समजतात. आटगावच्या अलीकडे हायवेवर एका ट्रकने उडवलेला नर होता. वनखात्याच्या माणसांनी पंचनामा केला, परवानगीचा कागद आला, आणि आपल्या संग्रहात भेकर नाही म्हणून ते आपल्याकडे द्यायचं ठरलं. आपल्याकडे म्हणजे माझ्याकडे. मोठ्या सरांनी कागदावर सही केली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "बाई, नीट करा. पण ते पातळबितळ करायचं नाही हं. आपल्या डिपार्टमेंटचा नियम माहीत आहे ना?" मी माहीत आहे म्हटलं. बारा वर्षं माहीत आहे. या बारा वर्षांत मी खारी, मुंगूस, एक उदमांजर आणि पुष्कळ मेलेली पाखरं संग्रहासाठी भरून उभी केली. त्यांच्या कातड्याला पातळ करण्यासारखं काही नसतं, त्यामुळे नियम पाळणं मला काही जड गेलं नाही. आता हरणाच्या जातीचं कातडं आलं होतं, आणि नियम मोडायचा तर तो कसा झाला ते सांगावं लागणार होतं.

तुम्ही असतात तर सरांना काही बोलला नसतात, जे म्हणायचं ते घरी येऊन मला म्हणाला असतात. मुरबाड रस्त्याला आपल्या घराची मागची पडवी, तिथे आडवा टाकलेला तो गुळगुळीत ओंडका, त्यावर केस खाली आणि आतली बाजू वर करून पसरलेलं ओलं कातडं, आणि ओंडक्याच्या एका टोकाला पोट टेकून तुम्ही उभे. मी सहावीत असेन. तुम्ही कातडं तासायची रुंद पात्याची रापी हातात देता आणि माझ्या मनगटावर तुमचा हात ठेवता. "खुपसायचा नाय. नुसता सरकवायचा. भाकरीवरचा करपा काढतंस ना, तसा." कातड्याच्या आतल्या बाजूने पांढुरका पापुद्रा सुटतो, गुंडाळी होऊन रापीच्या पात्यावर चढतो. केसांची मुळं दिसायच्या आधी थांबायचं. मुळं कापली की केस गळतात आणि मग ते जनावर लूत भरल्यासारखं दिसतं. कुठे थांबायचं ते कसं ओळखायचं, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही माझ्या कानाची पाळी चिमटीत धरलीत, मग त्याच चिमटीत कातडं. "ही मानंची जाडी. आनि व्हटाला, पापनीला खायच्या पानाएवढी. बोटाला इचार गो, डोल्याला नको इचारू." पुढे कित्येक वर्षं, पुस्तक वाचत असतानासुद्धा माझा हात आपोआप कानाच्या पाळीकडे जायचा.

शेजारच्या म्हाताऱ्याने एकदा कुंपणावरून विचारलेलं मला आठवतंय, की जाड कातडं जास्त टिकतं, मग एवढं खरवडून वाया कशाला घालवतोस. तुम्ही हात न थांबवता म्हणालात, "जित्तं होता तवा त्याला जाडी लागत होती. काटा टोचायचा, थंडी वाजायची. आता काय वाजतंय? आता त्याला निसता उभा रावायचाय." मग मला समजेल असं सांगितलंत. जाड कातडं तुरटी-मिठाचं पाणी नीट पीत नाही, आतून कच्चं राहतं. साच्यावर ताणून बसवलं की वाळताना आवळतं, टाके ओढून काढतं, ओठ फाकतात. म्हणून पातळ करायचं, आणि तेही आधी. कमावून झाल्यावर रापी लावायची नाही. कमावलेलं कातडं चिवट होतं, रापी घसरते, आणि घसरली की आरपार भोक पडतं. "कराचा ता आदी. मागून काय होत नाय." हे तुम्ही इतक्या वेळा म्हणालात की आई भाजी जळली तरी तेच म्हणायची.

तुम्ही तरुणपणी मुंबईत शिकारी लोकांची जनावरं भरून देणाऱ्या कारखान्यात होतात. शिकारीला बंदी आली, कारखाना बसला, आणि तुम्ही शहापूरच्या कॉलेजात प्रयोगशाळेचे शिपाई झालात. कॉलेजात वास नको म्हणून कातडी घरी न्यायची सवलत तुम्हाला मिळाली, आणि तिचं सरांना फार कौतुक होतं. वास आमच्या घरी आला. आई परसातून ओरडायची, "बाप-लेकीचा ह्यो उद्योग! घरात सोयरा पाय ठेवंल का?" आणि ती काही खोटं बोलत नव्हती. मुरबाडच्या एका स्थळाकडची मंडळी मला बघायला आली होती. मुलाची आत्या पाणी प्यायला आत आली, पडवीकडे बघितलं, माझे हात बघितले आणि पेला तसाच खाली ठेवला. कुणब्याची पोर कातडं खरवडते हे दोन गावांत फिरायला वेळ लागला नाही. ज्यांनी पिढ्यानपिढ्या हे काम केलं त्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं होतं, आमच्याबद्दल नुसती नाकं मुरडली, तेव्हा तक्रार करायला मला जागा नाही. तुम्ही रापीला धार त्यांच्याकडूनच लावून आणायचात आणि त्यांच्या ओट्यावर बसून चहा प्यायचात. मला ते तेव्हाही आवडायचं. पण लग्न तुमचं ठरायचं नव्हतं.

मी अकरावीत गेले तोवर तुमची नजर अधू झाली होती. घराबाहेर कोणाला ठाऊक नव्हतं. कॉलेजात तुम्ही बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या पाठ करून ठेवल्या होत्या, कुठल्या फळीवर बेडूक आणि कुठल्या फळीवर साप. घरी मात्र रापी माझ्या हातात आली ती कायमची. आधी नुसते पाय, मग पाठ, मग तोंड. तुम्ही जवळ बसून बोटांनी चाचपायचात आणि "हितं अजून" म्हणायचात. सर म्हणायचे तुमच्यासारखा हात जिल्ह्यात नाही, आणि तुम्ही खाली मान घालायचात. एकदा मी विहिरीवरून आले तेव्हा तुम्ही आईला सांगत होतात, "तिला लांब नको देऊस. ती गेली का माजे हात गेले." तुम्ही प्रेमानेच म्हणालात. मी हंडा उंबऱ्यावर ठेवला आणि मला घरातली हवा एकदम कमी झाल्यासारखं वाटलं. तुमचे हात असणं हे किती दिवसांचं काम आहे, याचा हिशोब मी तेव्हा पहिल्यांदा केला. उत्तर तुमच्या आयुष्याएवढं आलं, आणि तुम्ही खूप जगावं असंही मला वाटत होतं. दोन्ही एकदम वाटणं फार वाईट असतं, बाबा.

बारावी झाले त्या वर्षी मी ठाण्याला नर्सिंगच्या ट्रेनिंगचा फॉर्म भरला. शाळेतल्या बाईंनी आणून दिला होता. तुम्ही सही केलीत, कुठे करायची ते मी बोट ठेवून दाखवलं. त्याच सुमाराला ते सांबर आलं. तानसाच्या बाजूला एका शेतविहिरीत पडून मेलेला मोठा नर, शिंगं हातभर, मानेला आयाळीसारखे राठ केस. कॉलेजात संग्रहाची नवी खोली होणार होती आणि दारासमोरच्या भिंतीवर सांबराचं मान-मुंडकं लावायचं सरांच्या मनात होतं. त्यांनी कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं की कातड्याची नैसर्गिक जाडी ठेवावी, आणि ते तुम्हाला तीन-तीनदा सांगत होते, "उगाच रिस्क नको, ओरिजिनल असू दे." तुम्ही म्हणालात, "साहेब, सांबराची मान हाये ती. बूट व्हईल तिचा." सर हसले आणि तुमच्यावर सोडलं.

तोंड मी मन लावून केलं. ओठ, नाकपुड्या, पापण्या, कानाची मुळं, सगळं खायच्या पानाएवढं. मग मान राहिली. सांबराची मान म्हणजे दोन दिवसांचं काम, खांदे भरून यायचे. तुम्ही त्या आठवड्यात प्रॅक्टिकलच्या परीक्षांमुळे उशिरा येत होतात. मी मान ओंडक्यावर घेतली, रापी टेकवली, आणि काढून ठेवली. दोन्ही दिवस तसंच केलं. आई आत होती, तिला रापीचा आवाज यावा म्हणून ओंडक्याच्या रिकाम्या भागावर रापी घासत राहिले. मला नक्की ठाऊक होतं मी काय करतेय. आळस नव्हता तो. मान जाड राहील, वाळताना फाटेल, सगळ्यांसमोर फाटेल. मग घरी काम येणं बंद होईल, आणि घरी काम आलं नाही तर माझे हात तुम्हाला लागणार नाहीत. याहून सोपा रस्ता म्हणजे तुम्हाला तोंडावर सांगणं, "बाबा, मला जायचंय." तेवढी माझी छाती नव्हती. तुम्ही आलात तोवर मी कातडं तुरटीच्या पिंपात बुडवून वर दगड ठेवला होता. तुम्ही हातपाय धुता धुता विचारलंत, "घातलंस?" मी म्हटलं, घातलं. "मान झाली?" मी म्हटलं, झाली. तुम्ही टॉवेलने तोंड पुसलंत आणि जेवायला बसलात. तपासलं नाहीत. एवढा विश्वास टाकायला नको होता असं मला आजही रागाने वाटतं.

पुढच्या आठवड्यात मुलाखतीचं पत्र आलं. मी कल्याणला मावशीकडे दोन रात्री राहिले आणि तिथून ठाण्याला गेले. निघताना ठरलं होतं की मी आल्यावर दोघांनी मिळून कातडं पिंपातून काढायचं आणि साच्यावर चढवायचं. साचा तुम्ही भाताच्या पेंढ्याचा बांधला होता, सुतळीने आवळून, वर कागदाचा लगदा. मी परत आले तर सांबर चढवून झालेलं. मागचे टाके घातलेले, कानांत पुठ्ठे, ओठ टाचण्यांनी धरलेले, आणि तुम्ही पडवीच्या पायरीवर बसून बिडी ओढत होतात. मी म्हटलं, "थांबला का नाय माझ्यासाठी?" तुम्ही म्हणालात, "कशाला? तू काय जल्मभर हितं रावनारंस का?" अंगठ्याला चिंधी बांधली होती. सुई लागली म्हणालात. मग मुलाखतीचं विचारलंत आणि मी झाली म्हटलं. तुम्ही मान हलवलीत, बराच वेळ हलवत राहिलात. मला वाटलं, यांना काही कळलं नाही. बोटंसुद्धा गेली यांची. त्या विचाराने मला हलकं वाटलं, हे मी लपवत नाही.

संग्रहाच्या खोलीचं उद्घाटन झालं तेव्हा सांबर भिंतीवर लागून महिना झाला होता. कोरडी हवा होती. सकाळी लावलेले हार ताजे होते, संस्थेची मंडळी आली होती, मी आणि आई मागे बायकांत उभ्या होतो. फीत कापली, सगळे आत गेले, आणि कोणीतरी म्हणालं, "हे काय?" मानेच्या मागची शिवण वीतभर उकलली होती आणि तिच्यातून भाताचा पेंढा बाहेर आला होता. मंडळींपैकी एक जण हसून म्हणाले, "हे सांबर आपल्याच शेतातलं दिसतंय!" सगळे हसले. पुढे पोरं त्याला भातसांबर म्हणायला लागली, अजून म्हणतात. सर लाल झाले होते. तुम्ही पुढे झालात, टोपी काढलीत आणि म्हणालात, "साहेब, चूक माजी हाये. जास्तच पातल केला मी. नजर नाय रायली माजी." मी ऐकलं आणि मनात म्हटलं, पाहा, यांना खरंच कळलेलं नाही. उलटंच सांगतायत. सर म्हणाले, "मी सांगत होतो ना, रिस्क नको!" आणि त्याच आठवड्यात नियम झाला. आपल्या डिपार्टमेंटमध्ये यापुढे कुठलंही कातडं पातळ करायचं नाही. तुमच्याकडून घरी नेण्याचं काम काढून घेतलं आणि तुम्हाला बाटल्या धुवायला बसवलं. जी नजर आम्ही घरात दोन वर्षं झाकून ठेवली होती ती तुम्ही स्वतः भर सभेत उघड केलीत.

मला हवं होतं ते झालं होतं. हात मोकळे झाले होते. पण ठाण्याच्या यादीत माझं नाव नव्हतं. मी घरी सांगितलं की नाव लागलं नाही, आणि तुम्ही म्हणालात, "पुढल्या वर्साला बगू." पुढचं वर्ष आलं त्यात तुम्हाला कावीळ झाली. मुळ्या दिल्या, मंत्र घातला, शहापूरला नेलं, सगळं झालं. आई अजून म्हणते, "त्या सांबरानं नेला तुज्या बापाला." मी तिला एकदाही खरं सांगितलं नाही. तुम्ही नोकरीत असताना गेलात म्हणून अनुकंपेवर घरातल्या एकाला जागा मिळणार होती. भाऊ शाळेत, आई निरक्षर. राहिले मी. सर घरी आले, आईसमोर हात जोडून म्हणाले की मुलीचा हात वडिलांवर गेलाय, कॉलेजचं भाग्य. आईने पदर डोळ्यांना लावला. मी कागदावर सही केली. कुठे करायची ते कोणाला बोट ठेवून दाखवावं लागलं नाही. तेव्हापासून मी तुमच्या स्टुलावर बसते. दारातून आत येणाऱ्या प्रत्येकाला आधी ते सांबर दिसतं आणि मग मी. भाऊ आता आसनगावहून कामाला जातो, त्याचं लग्न झालं, त्याने मोबाईल घेतला. मला विचारतो, ताई, तुला कधी वाटलं नाही का दुसरं काही करावं? मी त्याला म्हणते, चहा घे.

परवा सरांनी सांगितलं की सांबर उतरवा, त्याला कसर लागलीय, आणि त्याच फळीवर भेकर बसवा. शिपायाने ते उतरवून माझ्या टेबलावर पालथं घातलं आणि गेला. फळी सोडवायला मी मागची उरलेली शिवण उसवली. मेण लावलेला दुहेरी दोरा, तुमचाच. कातडं उलटवलं. आत माझं काम होतं, म्हणजे न केलेलं काम, जाडच्या जाड, कडक. पण डाव्या बाजूला हातभर पट्टा वेगळा होता. तो खरवडलेला होता. ओल्या कातड्याचा पापुद्रा गुळगुळीत सुटतो. हा तसा नव्हता, कमावलेल्या कातड्यावर जोराने रापी मारल्यासारखे ओरखडे होते, कुठे खोल, कुठे नुसता भुसा. आणि पाच ठिकाणी आरपार भोकं. प्रत्येक भोकाला आतून ठिगळ लावलेलं, धोतराच्या कापडाचं. टाके एकमेकांवर चढलेले, एका जागी चार, दुसरीकडे एकही नाही, डोळ्यांनी न दिसता बोटांनी चाचपत घातलेले टाके. एका ठिगळाला तपकिरी डाग होता. सुईचं रक्त एवढं येत नाही.

म्हणजे पिंपातून काढताक्षणी तुमच्या बोटांना कळलं होतं. मी कल्याणला होते. तुम्ही निरोप पाठवला असतात तर मावशीच्या शेजाऱ्यांकडे फोन होता, मी परत आले असते, मुलाखत सोडून आले असते, हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून तुम्ही पाठवला नाहीत. कमावलेल्या कातड्याला रापी लावायची नाही हे सगळ्या जगाला सांगणारा माणूस अधू डोळ्यांनी ते करत बसला. जमलं नाही, तेव्हा भोकं शिवलीत आणि चढवून टाकलंत. आणि उद्घाटनाला "जास्तच पातल केला" म्हणालात, म्हणजे कोणी आत हात घालून जाडी बघायला जाऊ नये, आणि मान कोणी केली हे विचारायला जाऊ नये. तुम्ही मला सोडवत होतात. मी तुम्हाला फसवून जे मिळवायला बघत होते ते तुम्ही मला देऊनच टाकलं होतं.

काल मी ती मान सरांच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, "सर, हात लावून बघा. ही जाड राहिली होती. पातळ केल्यामुळे फाटली नाही, न केल्यामुळे फाटली." त्यांनी चिमटीत धरलं, चष्मा खाली घेतला, पुन्हा धरलं. सर वाईट माणूस नाहीत. मान टेबलावर ठेवून म्हणाले, "मग तुमचे वडील असं का म्हणाले?" इथे मी सांगायला हवं होतं. मी शब्द जुळवून गेले होते, जिन्यात दोनदा म्हणूनही पाहिले होते. तोंडातून आलं ते असं, "नजर कमी झाली होती सर. त्यांना कळलं नसेल." सर म्हणाले, "बिचारे," आणि नियम रद्द झाल्याचं वहीत लिहिलं. भेकराला परवानगी मिळाली, आणि तुमच्या माथी मी दुसऱ्यांदा मारलं.

आज सकाळी भेकराचं कातडं भिजवून कॉलेजच्या मागच्या व्हरांड्यात, घरून आणलेल्या आपल्या ओंडक्यावर घेतलं. मान, मग गाल, मग ओठ. हात विसरला नव्हता, चांगलंच झालं. करता करता लक्षात आलं की माझ्याकडे काहीच उरलं नाहीये. बारा वर्षं मी या स्टुलावर तुमच्यावरच्या रागाच्या जोरावर बसले होते. यांनी मला अडकवलं, मेले तेही मला इथे बांधून मेले, हे मनात म्हटलं की दिवस जायचा. आता तेही म्हणता येत नाही. मग बसायचं तरी कसं? हे पत्र मी प्रॅक्टिकलच्या जर्नलच्या पानांवर लिहितेय, एका बाजूला झुरळाची पचनसंस्था छापलेली आहे. ते कुठे टाकणार, आणि कुठल्या पत्त्यावर. आईला वाचता येत नाही, भावाला दाखवणार नाही.

एक गोष्ट राहिली, आणि ती तुम्हाला तरी कळायला हवी, कारण तुमचा अंगठा त्यापायी कापला. मी तुम्हाला सांगितलं की नाव लागलं नाही. ते नाव लागायचा प्रश्नच नव्हता. ठाण्याला त्या लांब व्हरांड्यात मुली बाकांवर बसल्या होत्या, इस्त्रीचे कपडे, नखं स्वच्छ. मी साबण लावून लावून हात धुतले होते तरी मला तुरटीचा वास येत होता, आणि आत गेल्यावर हात पुढे करायला सांगतील असं कोणीतरी म्हणालं. दार उघडून एका बाईने माझं नाव घेतलं. मग आडनावासकट पुन्हा घेतलं. मी समोरच बसले होते, हात पदराखाली घेऊन. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि पुढचं नाव घेतलं. तुम्ही इकडे भोकं शिवत होतात तेव्हा मी त्या बाकावर बसून होते, बाबा, आणि मला कोणी धरून ठेवलेलं नव्हतं.